कडीचं चौथं भोक

१२ जानेवारी

वकीलबाईंनी वही ठेवायला सांगितली. "कुठल्या दुकानात कंपनीची कडी दिसली, गिऱ्हाईक काय बोललं, रोजच्या रोज लिहून ठेवा. ऐन वेळी तुम्हाला काही आठवत नाही," म्हणाल्या. आठवत नाही हे खरं, पण असं तोंडावर सांगायची गरज नव्हती. त्यांच्यासाठी लाल पुठ्ठ्याची वही केली आहे. ही माझी. ही त्यांना दाखवायची नाही.

लाल वहीत आज लिहिलं: पुलाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात कंपनीची कडी मिळाली. हिच्यात लिहितो की ती हातात घेऊन मी चारदा उलटीपालटी करून पाहिली. आमच्या कारखान्याचीच कडी. तीच पितळी पट्टी, तीच स्प्रिंग, खिडकी उघडी ठेवली तरी वाऱ्याने आपटू न देणारी तीच पकड. किंमत जवळजवळ निम्मी. स्प्रिंगखाली नख घालून पाहिलं तर तिथे चौथं भोकसुद्धा होतं.

पट्टी तीन स्क्रूंनी चौकटीला बसते. चौथं भोक स्प्रिंगच्या बरोबर खाली येतं, तिथे पेचकस शिरतच नाही. बाबांनी ही कडी करायला घेतली तेव्हापासून ते आहे. सुतार लोक कडी घेताना बघत नाहीत, नख घालतात, भोक लागलं की पैसे काढतात. कंपनीवाल्यांनी तेही उचललं. चोराने घर लुटताना केरसुणीही न्यावी, तसं झालं हे.

१५ जानेवारी

वकीलबाईंनी आधी वाईट बातमी सांगितली. बाबांच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. "कडी चालते कशी, यावर आता तुमचा हक्क नाही. उपयोगाची गोष्ट काही वर्षं तुमची, मग सगळ्यांची."

मी म्हटलं, मग झालंच, उठतो.

"बसा हो. ते चौथं भोक कशासाठी आहे?"

मी अभिमानाने म्हटलं, पाणी निथळायला. स्प्रिंगला गंज लागत नाही.

"असं कुठे बोलू नका," त्या म्हणाल्या. "त्याचा काही उपयोग असेल तर तेही सगळ्यांचं. पण उपयोग काहीच नसेल आणि लोक त्यावरून तुमचा माल ओळखत असतील, तर ती तुमची खूण झाली. खुणेला मुदत नसते. वापरत राहाल तोवर ती तुमची."

म्हणजे कामाचं ते जगाचं आणि बिनकामाचं ते माझं. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरं झालं. म्हणजे तुम्हालाही कोणी नेणार नाही."

१६ जानेवारी

सकाळी कारखान्याचं कुलूप उघडताना वर पाहिलं आणि किल्ली कुलपातच राहिली. दारावरचा बोर्ड. लाल अक्षरं, माझीच शब्दरचना: 'चौथ्या भोकाची किमया! स्प्रिंगला गंज नाही!' किती वर्षं तो तिथे आहे आणि मी रोज त्याच्याखालून जातो.

वकीलबाईंना फोन केला. त्यांनी बोर्डावरचा मजकूर माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाल्या, "आता काढू नका, लपवल्यासारखं दिसेल. त्यांनी फोटो काढलाच असणार."

बोर्ड लावला तेव्हा आत्या म्हणाली होती, "पट्टीच्या मागे लाकूड असतं रे, पाणी निथळून जाणार कुठे?" मी तिला म्हटलं होतं, तुला जाहिरातीतलं कळत नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला, तेव्हा ती आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली. मी तेव्हा पाळण्यात होतो. ती अजून आहे. पेटीत जाणारी प्रत्येक कडी आधी तिच्या हातातून जाते. तिची ट्रंक तिच्या पलंगाखाली असते आणि आम्ही मुलं तिला चिडवायचो, "आत्या, झाले का आठ दिवस?" ती म्हणायची, "दोन राहिलेत." आता माझे केस पिकले तरी हा विनोद चालू आहे.

३ फेब्रुवारी

कंपनीवर दावा दाखल झाला, म्हणून बाबांना सरळ विचारलं. वय झालंय, पण ते अजून रोज कारखान्यात खुर्ची टाकून बसतात आणि आवाजावरून ड्रिल बोथट झालेलं सांगतात. म्हटलं, बाबा, चौथं भोक कशासाठी ठेवलंत?

"मुद्दाम ठेवलंय."

"हो, पण कशासाठी?"

"मुद्दाम म्हणजे मुद्दाम."

आत्या शेजारी कड्या तपासत होती. ती उठली आणि चहा ठेवायला गेली. चहा नुकताच झाला होता. तिला हल्ली विसर पडतो.

२० मार्च

दोन मोठ्या दुकानदारांनी माल घेणं थांबवलं. एकाने निदान तोंड तरी लपवलं, दुसरा, पुलाजवळचा, म्हणाला, "तुमचीच कडी स्वस्तात मिळतेय, मग तुमच्याकडून कशाला घेऊ?" याला उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला कंजूष म्हणून आलो.

आमच्या टर्नरला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण त्याला काहीही सांगा, तो "सावकाश" म्हणतो. आज तो भर दुपारी मशीन पुसत बसला होता. काम नव्हतं. 

कंपनीचा माणूस येऊन गेला. फार गोड बोलला. दावा मागे घ्या, कारखाना आम्हाला द्या, तुम्ही पगारावर राहा. बाकीची माणसं? "त्यांचं बघू." हे बघू म्हणजे काय ते मला कळतं. दहाबारा घरं या कडीवर चालतात, आणि आता ती सगळी एका भोकाला लटकली आहेत. वकीलबाई स्पष्ट म्हणाल्या, भोक गेलं तर दुसरं काही हातात नाही.

९ एप्रिल

माझी साक्ष झाली. आधी आमचा सुतार उभा राहिला. त्याच्यासमोर कड्यांचा ढीग ठेवला. त्याने मान वर करून, न्यायाधीशांशी बोलता बोलता, नखाने चौकशी करत आमच्या कड्या एका बाजूला काढल्या. सगळ्या बरोबर. कंपनीच्या मात्र त्यातच आल्या, कारण भोक त्यांनाही आहे. वकीलबाई म्हणाल्या, हाच तर आमचा मुद्दा आहे, साहेब, माणूस फसतो तो इथे.

मी खूश होतो. मग कंपनीचा उंच वकील उठला आणि त्याने बोर्डाचा फोटो पिशवीतून बाहेर काढला. मोठा करून आणला होता.

"हा मजकूर कुणाचा?"

"माझा."

"म्हणजे भोकाचा उपयोग आहे."

"नाही."

"मग हे खोटं लिहिलंत?"

मी म्हटलं, "कल्पनेने लिहिलं." लोक हसले. न्यायाधीशांनी हसू आवरलं, पण मला दिसलं. उंच वकील म्हणाला, मुलाला माहीत नाही तर ज्यांनी कडी केली त्यांनाच बोलवा. पुढच्या तारखेला बाबांची साक्ष.

१० एप्रिल

बाबांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, एवढंच सांगा की चुकून पडलं, उपयोग काही नाही. दोन वाक्यं. कारखाना वाचतो.

"चुकून झालं असं माझ्या तोंडून निघणार नाही."

मी चिडलो. तुमच्या ताठ्यापायी एवढी माणसं रस्त्यावर येतील, असं बोलून गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात आत्या उभी होती, हातात कड्यांचं टोपलं.

संध्याकाळी तिने पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. कपड्यांच्या घड्या घालत होती. शाल शोधत असावी. एवढ्या उन्हाळ्यात शाल कशाला लागते कोण जाणे.

२ मे

बाबांची साक्ष. त्यांना बसायला खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली.

"चौथं भोक तुम्ही का ठेवलंत?"

"मुद्दाम ठेवलं."

"गंज लागू नये म्हणून?"

"तो बोर्ड माझ्या मुलाने लिहिलाय. त्याला काय विचारायचं ते विचारून झालंय तुमचं."

"मग कशासाठी?"

बाबा कठडा धरून समोर बघत राहिले.

न्यायाधीश स्वतः म्हणाले, "आजोबा, उत्तर द्यावं लागेल. काहीतरी कारण असेलच ना?"

"कारण आहे, साहेब. पण ते मी सांगणार नाही."

उंच वकील एवढ्यावरच बसला. त्याला आणखी काही नको होतं. कारण आहे म्हणजे उपयोग आहे. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. गाडीने घरी आलो. मला बाबांचा इतका राग आला होता की त्यांचा हात धरून उतरवतानाही मी दुसरीकडे बघत होतो.

५ मे

वकीलबाईंचा फोन. "तुमच्या आत्या येऊन गेल्या. त्यांची साक्ष ठेवायची परवानगी मागते आहे." काय म्हणाली, ते सांगेनात. मला वाटलं, म्हातारी फीवरून वाद घालायला गेली असेल. हिला तसं म्हटलं, तर ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

१८ मे

आज सगळं लिहून काढायचं आहे. काही राहायला नको.

सकाळी निघताना आत्याच्या खोलीच्या दाराशी ट्रंक होती, कुलूप लावलेली. म्हटलं, कुठे निघालीस? म्हणाली, "बघू, आज काय होतं ते." मला वेळ नव्हता. बाबा येत नाही म्हणाले होते, पण आम्ही गाडीत बसलो तेव्हा ते आधीच पुढच्या सीटवर होते.

शपथ झाली. आत्याने कडी हातात मागून घेतली.

"हे भोक मी पाडलं, साहेब. चुकून पाडलं."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "नीट सांगा."

"भोकं दोनदा पाडायची असतात. आधी बारीक, मग मोठी. पट्टीवर लोखंडी साचा ठेवायचा, त्यातून ड्रिल घालायचं, म्हणजे जागा चुकत नाही. खालची दोन भोकं समोरासमोर, वरचं एक डावीकडे. पहिल्या दिवशी मी बारीक भोकं बरोबर पाडली. दुसऱ्या दिवशी मोठी करताना पट्ट्या उलट्या ठेवल्या. खालची दोन जुळली, म्हणून काही वाटलं नाही. वरचं मात्र उजवीकडे पडलं, स्प्रिंगच्या जागेवर."

"किती पट्ट्यांना?"

"सगळ्या. एका इस्पितळाच्या खिडक्यांचा माल होता, पहिलाच मोठा."

उंच वकील उठला. "एवढा सगळा माल उलटा ठेवलात आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही दिसलं. रडत होते मी. नवऱ्याचं घर सोडून नुकतीच आले होते. हात चालू होते, डोळे नव्हते."

तो उभ्यानेच कागद चाळू लागला. वकीलबाईंनी विचारलं, "मग तुमच्या भावाने काय केलं?"

"पाहिलं. मला एक शब्द बोलला नाही. डावीकडचं बारीक भोक मोठं करून घेतलं आणि थोरल्या दादाला सांगितलं, चौथं भोक मुद्दाम ठेवलंय. कारखाना तेव्हा थोरल्याचा होता. बाईमाणूस मशीनवर नको, हिला परत पाठव, असं त्याचं रोज चाललेलं. तो माल माझ्यामुळे वाया गेला असता तर मी गेलेच असते."

"मग पुढच्या मालाला का?"

"एका मालाला चार आणि दुसऱ्याला तीन, तर थोरल्याला कळलं नसतं का? दादाने साच्यालाच चौथं भोक पाडलं. मग ते चालूच राहिलं."

"थोरले भाऊ आज आहेत?"

"नाहीत. हा माझा भाचा शाळेत असतानाच गेले."

"त्यानंतर तरी बंद करता आलं असतं."

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते. "ते मी दादाला कधी विचारलं नाही. या भोकाबद्दल आमचं आयुष्यात बोलणं झालेलं नाही."

न्यायाधीश म्हणाले, "शेवटचं विचारतो. या भोकाचा उपयोग काय?"

"कडीला काही नाही, साहेब. मला झाला."

उंच वकील लगेच म्हणाला, म्हणजे उपयोग आहे, हे नोंदवून घ्यावं. न्यायाधीश म्हणाले, "तो उपयोग कायद्यातला नव्हे. बसा."

मला आठवत होता तो फक्त आमचा विनोद. आत्या, झाले का आठ दिवस. लहानपणी, मोठेपणी, गेल्या महिन्यातही मी तिला हे विचारलं होतं. तिला ते दर वेळी कसं ऐकू येत असेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. आणि बाबांच्या न सांगण्याला मी ताठा म्हटलं. लाज वाटते आहे. इथे लिहितो, कारण तिला तोंडावर सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

१९ मे

बाबा आणि आत्या सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हते. दुपारी मी शेजारच्या खोलीत होतो तेव्हा ऐकलं.

"कशाला गेलीस?"

"तू खोटं बोलला असतास."

"मी गप्प बसलो होतो."

"गप्प बसूनच तर एवढी वर्षं काढलीस."

 नंतर बाबा म्हणाले, "चहा कर." तिने केला. दोघं प्यायले. मला कोणी विचारलं नाही.

ट्रंक दाराशीच आहे. मी आत घे म्हटलं तर आत्या म्हणाली, "निकाल लागू दे. माझ्या चुकीने कारखाना बुडाला तर इथे कुठल्या तोंडाने राहू?" मी काहीबाही समजूत घातली. ही मात्र सरळ म्हणाली, "आत्या, तुम्ही गेलात तर मी पण येते, मग बसू देत बापलेक कड्या तपासत." आत्या हसली, पण ट्रंक तिने हलवली नाही.

७ जुलै

निकाल.

न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या पानावरच माझा धीर सुटला. कडीची रचना, स्प्रिंग, पकड, हे सर्व आता सर्वांना खुलं आहे, कंपनीने तशी कडी बनवण्यात गैर काही नाही. सावकाश माझ्यामागे बसला होता, त्याचा सुस्कारा मला मानेवर लागला.

मग दुसरा भाग. चौथं भोक चुकीतून आलं, त्याचा वस्तूला उपयोग नाही, पट्टीच्या मागे लाकूड असल्यामुळे पाणी निथळण्याचा प्रश्नच येत नाही. (आत्या माझ्याकडे बघत नव्हती, हे तिचे उपकार.) पण वर्षानुवर्षं कारागीर याच भोकावरून हा माल ओळखतात. ही या कारखान्याची खूण आहे. कंपनीने ती वापरू नये, बाजारातला तसा माल परत घ्यावा. आणि आम्ही गंजाची जाहिरात करणारा तो बोर्ड उतरवावा, कारण तो ग्राहकांची दिशाभूल करतो.

बाहेर येऊन मी वकीलबाईंना म्हटलं, कडी गेली आणि भोक उरलं. त्या म्हणाल्या, "थोडं थांबा. सुतारांची नखं काय करतात ते बघा."

निघताना न्यायाधीशांच्या टेबलावरच्या कड्या कारकून गोळा करत होता. त्याने एक उचलली आणि स्प्रिंगखाली नख घातलं. मी बघतोय हे त्याला कळलं नाही.

२८ ऑगस्ट

कंपनीची कडी आता तीन भोकांची येते आणि अजूनही स्वस्त आहे. घेणारे घेतात. पण पुलाजवळचा दुकानदार आज स्वतः आला, ज्याला मी कंजूष म्हटलं होतं. म्हणाला, सुतार कडी हातात घेतात, नख घालतात आणि परत ठेवतात. "चार भोकांची द्या म्हणतात. पैसे जास्त घ्या, पण माल द्या." मी त्याला बसवून चहा पाजला. तोंडावर समाधान दिसू नये म्हणून फार प्रयत्न केला, जमलं नाही.

पूर्वीएवढी मागणी नाही. तरी सावकाशला पुन्हा सावकाश म्हणायला वेळ नाही, इतकं काम आहे. सगळी माणसं कामावर आहेत.

साचा झिजला होता, तो नवीन करायला घेतला. सावकाशने बाबांना विचारलं, चौथं भोक जरा खाली सरकवू का, स्प्रिंग मोकळी होईल. बाबा म्हणाले, "जिथे तिने पाडलं तिथेच."

४ सप्टेंबर

पेंटर नवीन बोर्ड घेऊन आला आणि मजकूर मागू लागला. मी दोन-चार ओळी जुळवून ठेवल्या होत्या. बाबा खुर्चीतून म्हणाले, "याच्याकडून काही घेऊ नकोस. चार ठिपके काढ आणि जा." तसा बोर्ड लागला. चांगला दिसतो, कबूल करायला हवं.

आत्याची ट्रंक कारखान्यात आली आहे. सकाळी तिनेच सावकाशला सांगून आणवली. "स्प्रिंगा ठेवायला तुम्हाला पेटी हवी होती ना? घ्या." मी म्हटलं, आणि तुझे कपडे? तर म्हणाली, हिने कपाटातले दोन कप्पे पुसून दिलेत.

मी हिला विचारलं, एवढी वर्षं तिला कपाटात जागा नव्हती का?

"होती हो," ही म्हणाली. "पहिल्या दिवसापासून होती. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते कप्पे रिकामेच होते. त्याच कधी कपडे ठेवत नव्हत्या."

दुपारी आत्या ट्रंकेवर बसून कड्या तपासत होती. नख घालायची, भोक लागलं की पेटीत टाकायची. मी शेजारी जाऊन बसलो. तोंडात आलेला जुना विनोद गिळला आणि विचारलं, "आत्या, चहा घेशील?"

"घेईन," ती म्हणाली. "घाई नाही."